डाउनलोड मॅनेजर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता

डाउनलोड मॅनेजर टाकला की नेट पाचपट पळतं, हा समज इतका मुरलाय की त्यावर कुणी वाद घालायलाही जात नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करून देणारा पोरगा विंडोजसोबत व्हीएलसी, विनरार आणि ‘आयडीएम’ (इंटरनेट डाउनलोड मॅनेजर) न विचारताच टाकून देतो. घरी नेल्यावर घड्याळाशेजारी एक नवं चिन्ह दिसतं, व्हिडिओच्या कोपऱ्यात डाउनलोडची पट्टी उगवते आणि मालक खूश. ते सॉफ्टवेअर आलं कुठून, त्यानं ब्राउझरमध्ये कसल्या परवानग्या घेतल्या, मुळात त्याची गरज होती का, हे प्रश्न सहसा काहीतरी बिघडल्यावरच पडतात.

आधी तो समज बाजूला ठेवू. घरात येणारी लाईन ४० एमबीपीएसची असेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तिची ४१ करू शकत नाही. डाउनलोड मॅनेजरचं खरं काम म्हणजे मध्येच तुटलेलं डाउनलोड जिथं तुटलं तिथून पुढं नेणं. सोलापुरात राहणाऱ्याला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी कधी लाईट जाईल याचा भरवसा नसतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब चालू राहते, पण राऊटरचा प्लग नेमका इन्व्हर्टरच्या लाईनवर नसतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पंखाही चालू आणि पाच जीबी उतरलेल्या फाईलपुढं लाल अक्षरात ‘फेल्ड’.

(या दुखण्यावर पहिला उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो आधी घ्या. गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्यालाच बॅकअप नसेल, तर मात्र त्याचाही उपयोग नाही.)

तुटलेली फाईल पुन्हा कशी जोडली जाते

फाईल म्हणजे शेवटी एकापुढं एक मांडलेले बाइट. साध्या डाउनलोडमध्ये ब्राउझर सर्व्हरला म्हणतो, ‘ही फाईल दे’, आणि सर्व्हर पहिल्या बाइटपासून पाठवायला लागतो. मध्येच नेट गेलं की बोलणं तिथंच संपलं. पण ब्राउझर आणि सर्व्हरनं एकमेकांशी कसं बोलायचं याच्या, १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत एक सोय झाली: अख्खी फाईल न मागता ‘इतक्याव्या बाइटपासून पुढचं दे’ असंही मागता येतं. याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात. सर्व्हरची तयारी असेल तर तो २०६ हा क्रमांक देऊन तेवढाच तुकडा पाठवतो. तयारी नसेल तर २०० म्हणतो आणि फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मॅनेजरमध्ये एखाद्या फाईलपुढं ‘रिझ्यूम: नो’ असं दिसतं, त्याचा अर्थ एवढाच. तिथं मॅनेजर बदलून काही होणार नाही, कारण नकार सर्व्हरनं दिलेला असतो.

उदाहरण घेऊ. उबुंटू २४.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची डेस्कटॉपची आयएसओ फाईल, म्हणजे ती इन्स्टॉल करायची अख्खी फाईल, जवळपास ६ जीबीची आहे. अशोक चौकाजवळ खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी ती उतरवतोय आणि ४ जीबी आल्यावर लाईट गेली. मॅनेजरनं कुठले बाइट आले आणि कुठले बाकी आहेत याची नोंद हार्ड डिस्कवर ठेवलेली असते. एरिया-२ हे डाउनलोड मॅनेजरचं सॉफ्टवेअर तर डाउनलोड होणाऱ्या फाईलशेजारीच एक छोटी हिशेबाची फाईल करून ठेवतं. काम पूर्ण झालं की ती आपोआप जाते. लाईट आल्यावर ही नोंद वाचून उरलेल्या बाइटांची मागणी केली जाते. ती छोटी फाईल ‘कचरा’ समजून कुणी उडवली, तर हिशेबच गेला.

इथं एक अडचण येऊ शकते. लाईट गेलेल्या दोन तासांत वेबसाईटवाल्यानं त्याच नावाची नवी फाईल चढवली तर? अर्धी जुनी आणि अर्धी नवी जोडून जे तयार होईल ते कशाच्याच कामाचं नसेल. म्हणून बरेच सर्व्हर फाईलसोबत ईटॅग नावाची एक खूण आणि शेवटच्या बदलाची वेळ पाठवतात. चांगला मॅनेजर पुढचं मागण्याआधी ही खूण जुळते का ते बघतो. फाईल ‘शंभर टक्के’ होते आणि उघडतच नाही, अशा प्रकारांमागं कधी कधी ही तपासणी न होणं असतं.

आता जास्त भेटणारी अडचण: लिंकच मरते. लॉगिन करून घेतलेल्या फाईलची लिंक बहुतेक वेळा थोड्या मुदतीची असते. तिच्या शेपटीला अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ जोडलेली असते, त्यातच ही मुदत बांधलेली असते. रात्री थांबवलेलं डाउनलोड सकाळी सुरू केलं की ‘४०३’ येतं आणि माणूस म्हणतो, रिझ्यूम चालत नाही. रिझ्यूम चालतो, पत्ता शिळा झालाय. वेबसाईटवर परत जाऊन नवी लिंक घ्यायची आणि जुन्याच अर्ध्या डाउनलोडला ती द्यायची, एवढंच करायचं असतं. आयडीएममध्ये यासाठी ‘रिफ्रेश डाउनलोड अ‍ॅड्रेस’ आहे. मॅनेजर निवडताना मी सगळ्यात आधी ही सोय शोधतो, कारण रोजच्या वापरात हीच अडते. वेगासाठी फाईलचे बत्तीस तुकडे पाडून एकदम मागण्यावाचून माझं आजवर काही अडलेलं नाही.

एकच माणूस, आठ पत्रावळी

मग वेग खरंच वाढतो असं लोक म्हणतात ते सगळं खोटं का? सगळं नाही.

लग्नाची पंगत बसलीय असं समजा. वाढपी प्रत्येक पानावर एकेक लाडू टाकत पुढं जातोय. तुमची भूक चार लाडवांची आहे, पण एका फेरीत पानाला एकच. तुम्ही शेजारी चार पत्रावळी मांडून बसलात तर एका फेरीत चार पडतील. बरेच सर्व्हर असेच वाढतात: प्रत्येक जोडणीला ठरावीक वेग. मॅनेजर फाईलचे तुकडे पाडून एकाच वेळी चार-आठ जोडण्यांवरून मागतो, म्हणून अशा ठिकाणी डाउनलोड खरोखर झपाट्यानं होतं. पण तुमचं पोटच एका लाडवात भरत असेल, म्हणजे लाईनच छोटी असेल, तर पत्रावळी कितीही मांडा. आणि कुणी बत्तीस मांडून बसला तर यजमान त्याला उठवतोच. सर्व्हरही एकाच पत्त्यावरून फार जोडण्या आल्या की त्या तोडतो, नाहीतर काही वेळ तुम्हाला दारच बंद करतो. छोट्या संस्थांच्या, विद्यापीठांच्या सर्व्हरवर तर असं बसूच नये. बाकीचेही जेवायला आलेले असतात.

दुसरं कारण अंतराचं आहे. इंटरनेटवरची प्रत्येक जोडणी सुरुवातीला जपून, थोडं थोडं पाठवते. समोरून ‘मिळालं’ असा निरोप आला की वेग वाढवते आणि मध्ये एखादा तुकडा हरवला की एकदम हात आखडते. सर्व्हर मुंबईत असेल तर हा निरोप चटकन येतो. अमेरिकेत असेल तर जाऊन-येऊन साधारण पाव सेकंद जातो, त्यामुळं एकट्या जोडणीला वेग पकडायला वेळ लागतो आणि एकदा हात आखडला की सावरायलाही. अशा दूरच्या सर्व्हरवर चार-पाच जोडण्या असल्या की एकीनं हात आखडला तरी बाकीच्या चालू राहतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, जिथं तुकडे हरवत राहतात, तिथंही हा फायदा दिसतो.

पण मोठ्या कंपन्या हल्ली आपल्या फाईलींच्या प्रती देशोदेशी, आपल्या जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर ठेवतात. मायक्रोसॉफ्टचं अपडेट किंवा स्टीमवरचा गेम उतरवताना एकट्या जोडणीतही लाईन बहुतेक पूर्ण भरते, आणि स्टीमचं तर डाउनलोडचं स्वतःचंच यंत्र आहे. तिथं मॅनेजरनं वाढवायला काही शिल्लकच नसतं.

माझ्या मते चार ते आठ जोडण्या पुरेत. एरिया-२ एका सर्व्हरला १६ पेक्षा जास्त जोडण्या करूच देत नाही, आणि सांगितलं नाही तर एकच करतो. आयडीएम ३२ पर्यंत जाऊ देतो. वरचा आकडा दिसला की तो निवडायचा मोह होतो, पण त्यात हाती काही लागत नाही.

बारा आणि शंभरचा गोंधळ

‘काका, शंभरचा प्लॅन घेतलाय, पण डाउनलोडला बाराच दाखवतंय. केबलवाला फसवतोय बघा.’

‘बाराच्या पुढं काय लिहिलंय ते वाच.’

‘एमबी पर सेकंद.’

‘आणि बिलावर शंभरच्या पुढं?’

‘एमबीपीएस. एकच की ते.’

एकच नाही. बिलावरचे मेगाबिट, मॅनेजरमधले मेगाबाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभर भागिले आठ, साडेबारा. त्या मुलाला पूर्ण वेग मिळत होता, मॅनेजर टाकून त्यात भर पडायला जागाच नव्हती. हा भागाकार आधी करावा. ४० च्या लाईनवर सेकंदाला ५ एमबी येत असतील तर सगळं ठीक आहे. ६ जीबीची उबुंटू वीस मिनिटांत उतरायला हवी. ५ च्या जागी १ येत असेल आणि तेही एकाच वेबसाईटवर, तर मॅनेजरचा उपयोग होऊ शकतो. सगळ्याच वेबसाईटवर १ येत असेल, तर केबलवाल्याला फोन करा किंवा राऊटर दोन भिंती पलीकडे असेल तर वायफाय सोडून केबल लावून बघा.

ज्यांच्याकडे केबलचं नेट नाही, मोबाईलच्या पॅकवर काम चालतं, त्यांना मॅनेजरची गरज सगळ्यात जास्त. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ६ जीबीची फाईल एका दिवसात उतरतच नाही. कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. या वेगानं तासाभरात जेमतेम २९ एमबी येतात, अख्खी रात्र ठेवून तीनशेच्या आसपास. मग रोज थोडं उतरवायचं, कोटा संपायच्या आधी थांबवायचं आणि रात्री बारानंतर पुन्हा सुरू करायचं. लॅपटॉप रोज बंद होणार, म्हणून ब्राउझरच्या भरवशावर राहण्यापेक्षा नोंद नीट ठेवणारा मॅनेजर बरा. ठरावीक वेळी सुरू आणि बंद करणारं शेड्युलर इथं कामाला येतं. बीएसएनएलच्या जुन्या घरगुती प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असायचं, तेव्हा याच शेड्युलरवर लोक गजर न लावता निवांत झोपायचे.

आधी ब्राउझरच बघा

क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनाही डाउनलोड थांबवता येतं, पुन्हा सुरू करता येतं. अर्धवट फाईल क्रोममध्ये ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ अशा शेपटीची दिसते. नेट क्षणभर गेलं आणि आलं तर बहुतेक वेळा ‘रिझ्यूम’वर क्लिक केलं की काम होतं. बँकेचं स्टेटमेंट, सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचं हॉल तिकीट, दोन-चारशे एमबीचं सॉफ्टवेअर, एवढंच ज्यांचं काम आहे त्यांना वेगळा मॅनेजर नको. नुसता एक जास्तीचा प्रोग्राम, आणि तोही कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून मागं चालणारा.

काही गोष्टींना तर मॅनेजर लागूच पडत नाही. लग्नाच्या फोटोग्राफरनं गूगल ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक पाठवली की लोक ती मॅनेजरमध्ये टाकून बघतात आणि हाती एक छोटीशी एचटीएमएल फाईल येते. कारण ती लिंक वेबपेजची असते, फाईलची नव्हे. फोल्डरवर डाउनलोड केलं तर गूगल त्याच्या झिप फाईली करून देतं, मोठं फोल्डर असेल तर दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत, आणि एखादा तुकडा बिघडला की नेमके हळदीचेच फोटो गायब. त्यापेक्षा त्या फोल्डरचा शॉर्टकट आपल्या ड्राइव्हमध्ये आणा, कॉम्प्युटरवर गूगलचंच ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप टाका आणि तिथून फोटो कॉपी करा. फाईल फाईलनं येत राहतं, नेट गेलं तर थांबतं, आलं की पुढं जातं.

ओटीटीवरचे सिनेमे आणि क्लासच्या अ‍ॅपमधली लेक्चर्स हाही असाच विषय. ती बहुतेक डीआरएमनं कुलूपबंद असतात. त्या अ‍ॅपनं ऑफलाईनची सोय दिली असेल तर तीच वापरायची. ‘सगळं उतरवून देतो’ म्हणणारं सॉफ्टवेअर खोटं बोलत असतं, नाहीतर चोरीचं काम करत असतं.

मग कोणता?

विंडोजवर आयडीएमला तोड नाही असं म्हणणारे बरेच आहेत आणि ते अगदी चुकीचं नाही. टोनेक कंपनीचं हे सॉफ्टवेअर ब्राउझरशी उत्तम जुळतं, शिळ्या लिंकची दुरुस्ती त्यात सोपी आहे. पण ते फक्त विंडोजसाठी आहे आणि फुकट नाही. तीस दिवस वापरून बघता येतं, नंतर पैसे भरायचे. रोज मोठ्या फाईली हाताळणाऱ्या फोटोग्राफरनं, व्हिडिओ एडिटरनं ते विकत घ्यावं, त्याला ते परवडतं.

फुकटात हवं असेल तर फ्री डाउनलोड मॅनेजर. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडे चालतो, टॉरेंटही घेतो, शेड्युलर आहे, वेगाला लगाम घालता येतो. हा लगाम फार कामाचा आहे. घरात बायकोची ऑफिसची मीटिंग चालू असताना तुमच्या डाउनलोडनं तिचा आवाज तुटायला लागला, की वेग निम्म्यावर आणायची सोय असल्याचा आनंद कळतो. ज्यांना नक्की कुठला घ्यावा हे ठरवता येत नाही त्यांना मी हाच सांगतो, पण त्याचा एक डागही माहीत असू द्या. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं उघड केलं की याच्या वेबसाईटवरून लिनक्सची आवृत्ती घ्यायला गेलेल्या काही जणांना दुसऱ्याच पत्त्यावर वळवलं जात होतं, आणि तिथल्या पॅकेजमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम होता. हा प्रकार २०२० ते २०२२ या काळात चालला. वेबसाईटमध्ये घुसखोरी झाली होती हे कंपनीनंही मान्य केलं. विंडोजवाल्यांना याची झळ नव्हती. तरी ‘अधिकृत वेबसाईटवरून घेतलंय, मग काळजी नाही’ एवढ्यावर थांबू नये, हे त्यातून दिसतं.

ज्यांना सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर खुला असलेला बरा वाटतो त्यांच्यासाठी एरिया-२ आहे. खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. घाबरायचं कारण नाही, एका ओळीचं काम असतं. आणि अगदी आकाराला किरकोळ, जुन्या दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही चालतो. खिडकी हवीच असेल तर त्यावर बेतलेलं मोट्रिक्स बघा. मात्र अशा फुकट प्रकल्पांत शेवटची आवृत्ती कधी आली ते आधी तपासावं. दोन-तीन वर्षं हात न लागलेलं सॉफ्टवेअर मी तरी नव्या कॉम्प्युटरवर टाकणार नाही.

लिनक्सवाल्यांकडे डब्ल्यूगेट असतंच. १९९६ पासून चालत आलेलं हे साधन, ‘डॅश सी’ लावलं की तुटलेलं पुढं नेतं. विंडोज १० मध्येही २०१८ पासून कर्ल नावाचं असंच साधन आयतं येतं. एखादीच मोठी फाईल वर्षातून कधीतरी उतरवायची असेल तर नवीन काही न टाकता यावरच भागतं.

फाईल होस्टिंगच्या वेबसाईटवरच्या पन्नास लिंका एकदम टाकून, थांबत थांबत उतरवायच्या असतील तर जेडाउनलोडर. जावावर चालतो, त्यामुळं जड आहे. रोजच्या वापराला मी तो सुचवणार नाही.

घ्यायचं कुठून

निवड चुकली तर फार तर सॉफ्टवेअर आवडत नाही. घ्यायची जागा चुकली तर कॉम्प्युटर जातो. गूगलवर नाव टाकलं की वरच्या दोन-तीन लिंका कधी कधी जाहिरातीच्या असतात आणि त्या भलतीकडे नेतात. डाउनलोडच्या नावानं चालणाऱ्या वेबसाईटवर तर खऱ्या बटणाभोवती चार हिरवी खोटी बटणं असतात. सोर्सफोर्जसारख्या जुन्या, नावाजलेल्या ठिकाणीही एका काळात इन्स्टॉलरला जाहिरातीचे प्रोग्राम चिकटवून दिले जात होते. मालक बदलल्यावर २०१६ मध्ये ते बंद झालं. म्हणून निर्मात्याचीच वेबसाईट, आणि इन्स्टॉल करताना ‘एक्सप्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडून प्रत्येक पान वाचत पुढं जायचं. ‘शिफारस केलेलं’ अँटिव्हायरस किंवा शोध-पट्टी मध्येच आली की खूण काढून टाकायची.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून कुलूप तोडलेल्या आवृत्तीबद्दल. हॉस्टेलमध्ये पेन ड्राइव्हवरून फिरणारा ‘आयडीएम फुल’ सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्यासोबतच्या सूचना वाचा: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाईल अ‍ॅडमिन म्हणून चालवा. घरात शिरणाऱ्यानं आधी कुत्र्याला बांधा म्हणावं आणि आपण ते बांधावं, अशी ही गत. आत काय आहे ते पाहण्याची साधनं तुमच्याकडे नसतात. याच कॉम्प्युटरवर तुम्ही यूपीआयचं, बँकेचं, स्कॉलरशिपच्या फॉर्मचं लॉगिन करता. तेवढ्या पैशांसाठी हा धोका घेण्यात शहाणपण नाही, त्यातून फुकट आणि कायदेशीर पर्याय समोर असताना तर नाहीच.

ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनकडेही असंच बघा. मॅनेजरला क्लिक पकडायचं असेल तर एक्स्टेन्शन लागतं आणि ते ‘तुम्ही भेट देता त्या सगळ्या वेबसाईटवरचा डेटा वाचणं आणि बदलणं’ ही परवानगी मागतं. मागण्यामागं कारण खरं आहे, पण अधिकार फार मोठा आहे. ओळखीच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बसलेली एक्स्टेन्शन दुकानात असतात, म्हणून ते मॅनेजरच्या आतून किंवा त्याच्या वेबसाईटवरूनच टाकायचं. मी स्वतः एक्स्टेन्शन ठेवतच नाही. फाईलच्या लिंकवर राईट क्लिक, कॉपी, मॅनेजरमध्ये पेस्ट. लॉगिन लागणाऱ्या बऱ्याच वेबसाईटवर हे चालत नाही, तिथं ब्राउझरमधूनच घेतो.

टाकल्यावर

दोन-तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करून घ्या. आयडीएम फाईलचे तुकडे आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि शेवटी जोडतो. तो फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर असतो. फाईल डी ड्राइव्हवर ठेवायला सांगितली तरी सी भरत जातो, आणि १२० जीबीच्या एसएसडीवर मोठी फाईल शेवटच्या क्षणी ‘जागा नाही’ म्हणून अडकते. सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डरही डी वर न्या.

मोठी फाईल थेट पेन ड्राइव्हवर उतरवू नका. बरेच पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि तिथं ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. ३२ जीबीचा ड्राइव्ह रिकामा असूनही ६ जीबीची फाईल चारवर अडते, आणि दोष मॅनेजरला मिळतो. आधी हार्ड डिस्कवर घ्या, पेन ड्राइव्ह एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, मग कॉपी करा. फॉरमॅट करताना आतलं सगळं जातं, हे सांगितलेलं बरं.

ऑपरेटिंग सिस्टीमसारख्या महत्त्वाच्या फाईलीची ओळखपरेडही करावी. उबुंटूच्या वेबसाईटवर प्रत्येक आयएसओसोबत एसएचए-२५६ हा ६४ अक्षर-आकड्यांचा ठसा दिलेला असतो. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राईट क्लिक केल्यावर ‘सीआरसी एसएचए’ दिसतं, तिथून आपल्या फाईलचा ठसा काढा आणि वेबसाईटवरच्याशी ताडून बघा. फाईलमधला एक बिट जरी बदलला असला तरी ठसा पार वेगळा येतो, त्यामुळं पहिली आणि शेवटची पाच-सहा अक्षरं बघूनही डाउनलोड बिघडल्याचं लगेच कळतं. जुळला नाही तर जोडताना काहीतरी बिघडलंय. ती फाईल पेन ड्राइव्हवर चढवून तास घालवण्यापेक्षा जोडण्या कमी करून पुन्हा उतरवा.

आणि जुना मॅनेजर काढल्याशिवाय नवा टाकू नका. दोघांची एक्स्टेन्शन एकाच क्लिकवर झडप घालतात, कधी दोन खिडक्या उघडतात, कधी एकही नाही. कंट्रोल पॅनेलमधून जुना काढा, ब्राउझरमध्ये जाऊन त्याचं एक्स्टेन्शनही वेगळं काढा, कारण ते बऱ्याचदा मागं राहतं. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून नवा टाका.